अय्यूबची अर्धी गोष्ट

थोरल्यांनी बाळाला दोन्ही हातांत उचललं, खिडकीच्या उजेडात धरलं, नाक कोणावर गेलंय ते नीट पाहून घेतलं आणि कोणालाही न विचारता नाव सांगून टाकलं.

"अय्यूब. आमच्या आजोबांचं नाव, मग माझ्या भावाचं, आता याचं. एक पिढी सोडून येतंच ते या घरात. अय्यूब म्हणजे सब्र, सोशीकपणा. माणसाला दुसरं लागतं काय?"

थोरल्यांच्या स्वतःच्या नावाचा अर्थ होता जिंकणारा, आणि तो त्यांनी जन्मभर चोख पाळला होता. खाली लाँड्री, वर घर, आणि दोन्हीकडे शब्द त्यांचा. धाकटा भाऊ बॉयलरपाशी उभा, थोरले काउंटरवर बसलेले. त्यांच्या छातीला वाफ सोसत नाही असं घरात मानलं जाई. सिगारेटचा धूर मात्र त्याच छातीला छान सोसायचा, पण ते बोलून दाखवायची कोणाची टाप नव्हती.

"आणि हो," बाळ धाकट्यांच्या सुनेच्या मांडीवर परत ठेवता ठेवता ते म्हणाले, "आमच्या मुलाचं लग्न तोंडावर आलंय. नव्या जोडप्याला ही उजेडाची खोली लागेल. तुम्ही मागच्या खोलीत सामान हलवा. जरा गरम होते, पण बाळाला ऊब बरीच असते. धाकट्याच्या कानावर घातलंय मी. तो काय, घेईल समजून. नाव अय्यूब आहे त्याचं."

मागच्या खोलीच्या भिंतीतून बॉयलरचं धुराडं वर जात होतं. त्या भिंतीचा रंग फोड येऊन सोललेला, हात टेकला तर लगेच काढून घ्यावा लागे. एक खिडकी होती, ती शेजारच्या भिंतीवर उघडायची. साबणाची पिंपं ठेवायला ती खोली ठीक होती.

सुनेने बाळाच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

"नको," ती म्हणाली.

"खोलीचं म्हणतेस? अगं, थोडे दिवस..."

"खोलीचं नंतर बोलू, मोठे अब्बा. आधी नावाचं. हे नाव माझ्या मुलाला नको."

ती बोलली तेव्हा धाकटे दारातच उभे होते. बाळाच्या लंगोटांची चळत घेऊन वर आले होते. एवढ्या मोठ्या प्रेसवर, जिथे हॉटेलच्या चादरी दाबल्या जातात, तिथे हा माणूस रोज तळहाताएवढे कपडे स्वतः दाबायचा आणि त्यांच्या चारी कडा जुळवून आणायचा. त्यांनी चळत स्टुलावर ठेवली. वरचा लंगोट किंचित सरकला होता, तो सरळ केला. मग हूं की चूं न करता जिना उतरून गेले.

थोरल्यांनी एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा तिच्या नवऱ्याकडे. नवरा डिलिव्हरीची गाडी चालवायचा. तो खिसे चाचपत गाडीची चावी शोधत होता. चावी त्याच्या हातातच होती.

"बाळंतपणात डोकं जरा तापतंच बायकांचं," थोरले म्हणाले. "संध्याकाळी नाव ठेवायला पाहुणे यायच्या आत बसू. तोवर शांत हो." आणि तेही गेले. त्यांच्या मागोमाग नवराही गेला, कारण गाडी भरायची होती, आणि गाडी भरायची नसती तरी तो गेलाच असता.

सुनेची आई कोपऱ्यात बसून शेकशेगडी आवरत होती. लेकीच्या बाळंतपणासाठी येऊन राहिली होती. आयुष्यभर गल्लीतल्या पोरांना कुराण शिकवलं म्हणून सगळं जग तिला उस्तानी म्हणायचं, जावईसुद्धा. इतका वेळ तिने तोंड उघडलं नव्हतं, आणि त्याचा तिला त्रास होत असणार, कारण तिला सवयच नव्हती त्याची.

"झालं समाधान?" ती म्हणाली. "सासऱ्याचं नाव त्याच्या तोंडावर नाकारलंस. सकाळी बादलीभर गरम पाणी कोण आणून ठेवतं तुझ्या दाराशी?"

"तेच ठेवतात. म्हणून तर." सुनेचा आवाज फाटला. तिला रडायचं नव्हतं, रागवायचं होतं, पण दोन्ही एकदमच आलं. "अम्मी, त्या माणसाला या नावाने खाल्लंय. शाळा कोणी सोडायची? त्याने. का, तर नाव असं आहे. भट्टीपाशी कोणी उभं राहायचं? त्याने. हातावर वाफ आली, कातडी सोलून निघाली, तरी हॉटेलच्या चादरी पूर्ण करून मग दवाखान्यात गेला. लोक त्याचं कौतुक करतात. कौतुक! काउंटरवर बसून मोठे अब्बा गिऱ्हाइकांना सांगतात, आमचा धाकटा म्हणजे नावाप्रमाणे आहे. आणि आता तेच नाव याच्या गळ्यात मारतायत. नाव ठेवलं आणि त्याच दमात खोली मागितली, बघितलंस ना तू? हा अजून धड डोळे उघडत नाही, आणि याच्याकडून सोसून घ्यायला सुरुवात झाली. माझा मुलगा सोसायला जन्माला आलेला नाही."

उस्तानीने शेगडीवर झाकण ठेवलं. लेक चुकली असं तिला वाटत नव्हतं. लेक अर्ध्या माहितीवर भांडतेय असं वाटत होतं, आणि ते तिच्यातल्या शिक्षिकेला जास्त झोंबत होतं.

"अय्यूब म्हणजे सब्र, हे कोणी सांगितलं तुला?"

"सगळेच सांगतात."

"सगळ्यांनी माझ्याकडे शिकायला यायला हवं होतं. सब्र हा शब्द वेगळा. त्याच्यावरून साबिर होतं. अय्यूब हे नाव अरबीच्याही आधीचं आहे. यहुद्यांच्या ग्रंथात आहे, ईसाईंच्या आहे, मग आपल्याकडे. मूळ अर्थावर जाणकारांचं अजून जुळत नाही. कोणी म्हणतं, परत फिरून येणारा. कोणी म्हणतं, ज्याच्या मागे लोक हात धुऊन लागले तो. सब्र त्या नावात नाही, त्या माणसाच्या गोष्टीत आहे."

"मग तेच झालं ना. गोष्टीत सोसलंच त्यांनी."

"सोसलं. घर गेलं, मुलं गेली, अंग सडलं, सगळं सोसलं. आणि त्याची तारीफ आहे, मी नाही म्हणणार नाही. पण पुढे काय झालं ते लहानपणी तुला मीच सांगितलंय. आठव."

सुनेने बाळाकडे पाहिलं. बाळाने तोंड वाकडं केलं आणि परत सरळ केलं. खालच्या बॉयलरची घरघर फरशीतून पायाला लागत होती, दिवसभर लागायची.

"त्यांनी तोंड उघडलं," ती हळूच म्हणाली.

"उघडलं. अल्लाला सरळ सांगितलं, मला त्रास झालाय. गुळमुळीत नाही, आडून नाही. आणि जबाब काय आला? आणखी सोस, असा आला? पाय आपट, असा आला. जमिनीवर पाय आपट. आपटला, आणि तिथून थंड पाणी वर आलं. त्याच पाण्याने तो न्हाला, तेच प्यायला, आणि उठून उभा राहिला."

सून आईकडे बघत राहिली. ही गोष्ट तिला पाठ होती. आणि तरी लग्न होऊन या घरात आल्यापासून ती जेव्हा जेव्हा तिच्या कानावर पडली, तेव्हा पाण्यापर्यंत आलीच नव्हती. थोरले जेवताना सांगायचे. रंगवून सांगायचे, आवाज त्यांचा चांगला होता. मुलं गेली, धन गेलं, अंगाला किडे पडले, तरी अय्यूबने तोंडातून शब्द काढला नाही. इथे थांबायचे, घोट पाणी प्यायचे आणि धाकट्यांकडे वळून म्हणायचे, बरं, ऐक, तुझ्याकडे एक काम होतं. थोरल्यांच्या वडिलांनीही म्हणे अशीच सांगितली होती. घराण्यात अर्धीच गोष्ट चालत आली होती, आणि उरलेली अर्धी कोणी मागितली नव्हती.

तिने बाळाला आईच्या ओंजळीत दिलं आणि भिंतीला धरून उठली.

"कुठे? टाके ओले आहेत तुझे."

"खाली जाऊन येते."

"जिना उतरायचा नाही म्हणून डॉक्टरने सांगितलंय."

"बसून उतरते," ती म्हणाली, आणि खरंच पायरी पायरी बसत उतरली. उस्तानी वरून जे काही बोलत होती ते तिने ऐकलं नाही.

लाँड्रीत वाफ कमरेइतकी साचली होती. धाकटे प्रेसपाशी होते, पायात रबरी बूट, मनगटाला फडकं गुंडाळलेलं. चादरीचं एक टोक आत सरकवायचं, झाकण ओढायचं, वाफ फुसकन बाहेर पडली की झाकण सोडायचं. सुनेला बघताच त्यांनी झाकण तसंच सोडलं, स्टुलावरचा नॅपकिनांचा ढीग उचलून जमिनीवर ठेवला.

"आधी बस."

ती बसली. काय बोलायचं ते जिन्यावर जुळवलं होतं, ते वाफेत विरून गेलं.

"अब्बा, मला तुमचा अपमान करायचा नव्हता."

"माहीत आहे."

"राग आला?"

"आला." त्यांनी चादर पुढे ओढली. "जिना उतरेपर्यंत टिकला. मग इथे उभं राहिल्यावर वाटलं, या नावाला नको म्हणणारी तू पहिलीच. मला कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी मी हो म्हणालो असतो म्हणा. हो म्हणायची इतकी सवय आहे."

ते हसले, पण तिला हसू आलं नाही.

"माझ्या आईने मला कधी नावाने हाक मारली नाही," ते म्हणाले. "तिच्या सासऱ्याचं नाव ना. सुनेने तोंडावाटे काढायचं नाही. छोटू म्हणायची. दाढी आली तरी छोटू. गेली तेव्हाही, छोटू पाणी दे, म्हणाली. नावाने हाक मारायचे ते फक्त ज्यांना काही हवं असायचं ते. अय्यूब, हे जरा उचल. अय्यूब, तू थांब, आम्ही जाऊन येतो. नाव ऐकलं की मी आधी उठतो, मग काय काम आहे ते विचारतो. तू याला हे नाव ठेवलं असतंस तर तुलाही छोटूच म्हणावं लागलं असतं. माझ्यामुळे."

हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. ज्या नावावरून ती सकाळपासून भांडत होती, ते तिने एकदाही उच्चारलं नव्हतं. ते नाव, हे नाव, एवढंच.

"अब्बा, पुढची गोष्ट माहीत आहे तुम्हाला? सोसल्यानंतरची?"

"पुढे काय, बरे झाले ते."

"कसे बरे झाले?"

धाकट्यांनी चादरीवरची चुणी हाताने सपाट केली. विचार करत असावेत. मग मान हलवली.

तिने सांगितलं. थोरल्यांसारखं रंगवून सांगणं तिला जमत नव्हतं, आईसारखं ठासूनही नाही. आधी तक्रार केली, मग पाय आपटायचा हुकूम आला, मग पाणी आलं, एवढंच सांगितलं. प्रेसमधली चादर वाफाळत तशीच पडून राहिली.

"आपट म्हणाला?"

"हो."

"खुद्द?"

"खुद्द. कुराणात आहे. अम्मीला विचारा."

"विचारायचं कशाला. त्या काय खोटं सांगणार." त्यांनी खाली आपल्या बुटांकडे पाहिलं, बराच वेळ. मग चादर ओढून काढली आणि टोपलीत टाकली. घडी न घालता टाकली, हे तिने पाहिलं. "जा वर. टाके सांभाळ. बसूनच चढ."

संध्याकाळी थोरले मिठाईचा डबा घेऊन आले. कोरा सदरा घातला होता आणि चेहऱ्यावर माफ केल्याचा भाव होता. भावी नवरदेव मुलगा बरोबर होता. तो खोलीत शिरताच खिडकीची रुंदी डोळ्यांनी मोजायला लागला. उस्तानी बाळाला घेऊन भिंतीशी बसली, नवरा दारात उभा राहिला, म्हणजे वेळ आली तर बाहेर पडता येईल. धाकटे सगळ्यांच्या मागून आले. अंघोळ करून आले होते. या वेळी ते कधी अंघोळ केलेले नसत, या वेळी ते भट्टीपाशी असत.

"मी विचार केला," थोरले म्हणाले. "पोरगी नाही म्हणते तर जबरदस्ती कशाला? घरात आधीच एक अय्यूब आहे, दोन झाले की गोंधळ. तेव्हा साबिर ठेवू. अर्थ तोच, नाव नवीन. बोला, आहे कबूल?"

उस्तानीच्या घशातून एक आवाज आला. तो खोकला होता असं तिने नंतर सांगितलं.

सून तोंड उघडणार तेवढ्यात धाकटे बोलले.

"नाव अय्यूबच राहील, भाईजान."

सुनेने सासऱ्यांकडे पाहिलं, ते तिच्याकडे बघत नव्हते. म्हणजे खाली वाफेत बसून सांगितलेलं सगळं पाण्यात गेलं. सवय ती सवय. थोरल्यांचा चेहरा उजळला, त्यांनी डब्याचं झाकण उघडलं.

"हे बघा, याला म्हणतात..."

"नाव माझं आहे. मी ते त्याला देतोय," धाकटे म्हणाले. "खोली देत नाही. बाळ इथेच राहील, या खिडकीपाशी."

झाकण थोरल्यांच्या हातातच राहिलं.

"म्हणजे? नव्या जोडप्याने काय बॉयलरच्या भिंतीला टेकून राहायचं?"

"आज भिंत गरम नाही. हात लावून बघा."

तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं. फरशीखालची घरघर बंद होती. इतक्या वर्षांत ती अशी कोणी ऐकलीच नव्हती, आणि आता ती नव्हती तर खोली अनोळखी वाटायला लागली. खालच्या रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवली, ती स्पष्ट ऐकू आली.

"बॉयलर बंद आहे?" थोरल्यांनी विचारलं.

"दुपारीच विझवला."

"आणि हॉटेलच्या चादरी?"

"ओल्या आहेत."

"सकाळी त्यांचा माणूस येईल!"

"येईल ना. काउंटरवर मी बसेन, मी सांगेन त्याला. भट्टी कशी पेटवायची ते तुमच्या मुलाला दाखवतो, तरुण आहे, शिकेल. माझ्या छातीला आता वाफ सोसत नाही."

भावी नवरदेवाने खिडकीवरची नजर काढून बापाकडे वळवली. दारातला नवरा मात्र पहिल्यांदाच खोलीच्या आत आला आणि बाळाच्या बिछान्यापाशी जाऊन उभा राहिला. त्याने काही केलं नाही, नुसता उभा राहिला, पण त्याच्या मानाने ते पुष्कळ होतं.

"तू असा नव्हतास," थोरले म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर दुखावलेला होता. "काय कमी केलं तुला? आज हे असं, पाहुणे यायच्या तोंडावर? तुझ्या नावाला तरी शोभतं का?"

"शोभतं," धाकटे म्हणाले. "मला त्रास झालाय, भाईजान. खूप वर्षं झालाय. सांगायचं राहून गेलं होतं."

एवढं बोलून त्यांना धाप लागली. त्यांनी खुर्ची ओढली. त्या खोलीत एकच खुर्ची होती आणि ती नेहमी थोरल्यांची असायची. ते तिच्यावर बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

मग बाळाने सुरुवात केली. आधी कुरकुर, मग लालबुंद होऊन असं किंचाळलं की उस्तानीने घाईघाईने त्याला लेकीकडे दिलं.

"अले अले, छोटू," उस्तानी सवयीने म्हणाली.

"छोटू नाही," धाकटे सुनेला म्हणाले. "नावाने हाक मार त्याला."

सुनेने मान वर केली. "तुमच्यासमोर?"

"माझ्यासमोरच."

ते नाव तिने कधी मनातसुद्धा नीट उच्चारलं नव्हतं. तिला वाटलं आपल्याला हे जमणार नाही, आणि जमणार नाही असं वाटल्याचाच तिला राग आला. तिने बाळाला उभं धरलं, त्याच्या ताणलेल्या, रागावलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"अय्यूब."

धाकटे खुर्चीतून अर्धे उठले. हात गुडघ्यांवरून सुटले, पाय जमिनीवर रोवले गेले, नजर काम कुठे आहे ते शोधत खोलीभर फिरली. थोरले बघत होते. सगळेच बघत होते.

"तुम्हाला नाही, अब्बा," सून म्हणाली.

ते थबकले. मग सावकाश परत खाली बसले, आणि या वेळी पाठ टेकून बसले.

"माहीत आहे," ते म्हणाले. "पुन्हा म्हण."